बेस फुगलाय

परळ, मुंबई १२
श्रावणातला दुसरा सोमवार, रात्री दीड

प्रिय संद्या,

पत्र बघून हसू नकोस. उद्या सकाळी विनूदादा मांडवीनं चिपळूणला निघतोय, त्याच्याजवळ पेनड्राइव्ह देतोय. नुसता पेनड्राइव्ह पाठवला तर तू तो गल्ल्यात टाकून विसरशील, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून सोबत ही पानं. शिवाय मला तुझी माफी मागायची आहे आणि ती फोनवर मागायला लागलो की तू मध्येच शिव्या देणार.

जूनमध्ये तुला ते गाणं पाठवलं होतं. तुझं उत्तर दोन शब्दांचं : "बेस फुगलाय." म्हणजे खालचा जाड आवाज नको तेवढा वाढलाय. मी त्यावर साधा अंगठाही दाखवला नाही. राग आला होता रे. म्हटलं, हा मांडववाला, हळदीला दोन बेस दोन टॉप लावून गाणी वाजवणारा, आणि हा मला बेस शिकवतोय! सहा वर्षं मी लोकांची गाणी मिक्स करून पोट भरतोय.

मग महिन्याभरानं ते गाणं इथल्या एका क्लबात वाजलं. ज्याचं गाणं होतं त्या पोरानं मला मुद्दाम बोलावून नेलं. मधला शांत तुकडा संपला, बेस उतरला, आणि बारवरच्या फळीतले ग्लास किणकिणायला लागले. तेवढं ठीक, पण बाकी काहीच ऐकू येईना. किक, म्हणजे ड्रमचा ठोका कुठला, बेस कुठला, सगळी एकच गुळाची ढेप. पोरगा माझ्याकडे बघत होता आणि मी मोबाइलमध्ये. चालतच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काम बाजूला ठेवलं आणि स्पीकरमधून नुसता एक सूर सोडला, ३० हर्ट्झपासून हळूहळू वर नेत. ४० ठीक, ४५ ठीक, ५० ला आवाज उतरायला लागला, आणि ५५-५६ ला गायबच. स्पीकरचा कोन थरथरताना दिसतोय आणि कानाला काही नाही! खुर्चीतून उठून मागच्या भिंतीला टेकलो, तर तोच सूर पोटात ढुसण्या द्यायला लागला. पुन्हा खुर्चीत, पुन्हा गायब. दहा वेळा उठबस केली. आई दारातून बघून गेली, काही बोलली नाही.

आत्याची ही खोली तू पाहिलीयस. १० बाय १०, आणि पोटमाळा काढल्यापासून उंचीही जवळपास तेवढीच. म्हणजे ठोकळा. ५६ हर्ट्झची लाट साधारण २० फूट लांब असते, खोलीच्या बरोबर दुप्पट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ती अशी अडकते की भिंतीपाशी आवाज दुणावतो आणि मधोमध शून्य होतो. मी सहा वर्षं कुठे बसत होतो? बरोबर मधोमध. आणि गाणं होतं 'ए' स्वरात, ज्याचा खालचा सूर ५५ हर्ट्झचा. खोलीतलं भोक आणि गाण्याचा सूर, दोन्ही एकमेकांवर बसले. मला बेस कमी वाटला, मी तो वाढवला. तरी कमी, अजून वाढवला. तू तुझ्या गोडाऊनमध्ये मोठे डबे लावून ऐकलंस, तुला खरं ते ऐकू आलं. नंतर एकाचा मोजायचा माइक मागून आणला आणि कॉम्प्युटरवर आलेख काढला. ५६ वर दरीच होती, बारा डेसिबलची. आलेखातसुद्धा तूच बरोबर निघालास.

इलाज काय केला विचारशील. पहिल्यांदा, मुंबईतला माणूस करतो तेच : गादीवाल्याकडे गेलो. कापसाच्या चार जाड गाद्या शिवून घेतल्या आणि कोपऱ्यांत उभ्या केल्या. टाळीचा खणखणाट गेला, हाय-हॅट, म्हणजे ड्रमची झांज, स्वच्छ झाली, पण ५६ ढिम्म. वीस फुटांच्या लाटेला सहा इंचांची गादी काय अडवणार? मग टेबल आणि खुर्ची सरकवली. समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर कान येतील अशी. सव्वा फूट, संद्या. फक्त सव्वा फूट पुढे सरकलो. भोक पूर्ण बुजलं नाही, पण आता दरीचा खड्डा झालाय, आणि खड्डा कुठे आहे ते माहीत असलं की मुंबईत माणूस गाडी चालवतोच. खालचं सगळं आता हेडफोनवर पुन्हा तपासतो. तसाही दहानंतर हेडफोनच, शेजारचे जोशीकाका कधी भिंत ठोकतील याचा नेम नाही.

मागे तू विचारलं होतंस, गाणं त्या पोरानं बनवलं, मग तू नक्की काय करतोस? तेव्हा टाळलं होतं. ही पोरं लॅपटॉपवर सगळं बनवतात आणि मला वेगवेगळे ट्रॅक पाठवतात, कधी चाळीस, कधी ऐंशी. फायलींची नावं 'किक फायनल', 'किक फायनल खरंच', 'किक हीच घे'. एकेक ट्रॅक ऐकला तर झकास. सगळे एकदम लावले की दादर स्टेशन, संध्याकाळी साडेसहा. माझं काम दारातल्या गर्दीचं. दादरला दारात उभे असलेले लोक कसे क्षणभर खाली उतरतात, आतल्यांना उतरू देतात आणि पुन्हा चढतात? किक आणि बेसचं तसंच करावं लागतं. किक पडली की बेसनं मागे सरायचं, किक गेली की परत यायचं. त्याला साइडचेन म्हणतात. गंमत सगळी परत येण्याच्या वेळेत आहे. मिनिटाला १२४ ठोके असतील तर दोन किकमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षाही जरा कमी वेळ मिळतो. बेस लवकर परतला की किकच्या शेपटीवर पाय देतो, उशीर केला की पुढची किक येऊन ठेपते आणि गाणं लंगडतं. या परतीच्या वेळेवर मी कधीकधी अख्खी दुपार घालवतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. लागला तर माझं चुकलं.

आणि हे मी कुठे शिकलो माहितीये? तुझ्याकडे. नववीत असताना तुमच्या आळीच्या गणपतीला दोन्ही बेस शेजारी शेजारी लावले होते आणि आवाज काही येईना. तू ॲम्प्लिफायरला शिव्या घालत होतास. अण्णा आले, त्यांनी एका डब्याच्या मागची वायर काढली, प्लसची मायनसला लावली आणि छातीत धडकीच भरली. एक डबा हवा ढकलत होता तेव्हाच दुसरा ओढत होता, दोघं मिळून शून्य. या ढकलण्या-ओढण्याच्या मेळाला फेज म्हणतात. आज तो शब्द मी दिवसातून वीस वेळा वापरतो, दर वेळी अण्णांचा तो पिवळा टेस्टर डोळ्यासमोर येतो. पोरं सिंथ, म्हणजे सिंथेसायझरचा आवाज, रुंद करायला डावी-उजवी बाजू अशीच उलटसुलट करतात. हेडफोनवर आकाश उघडल्यासारखं वाटतं, आणि तुझ्यासारख्याच्या मोनो सिस्टिमवर, जिथे दोन्ही बाजू एकत्र होतात, तो सिंथ नाहीसाच होतो. म्हणून प्रत्येक गाणं मी एकदा मोनो करून ऐकतो. मनात म्हणतो, आता हे संद्याच्या मांडवात गेलं.

पैशाचं काय लिहू? अर्धे आगाऊ घेतल्याशिवाय फाइल उघडत नाही, हे शहाणपण दोनदा बुडाल्यावर आलं. तीन वेळा बदल करून देईन असं ठरतं, अकराव्या वेळी मी मोजणं सोडतो. एका इव्हेंटवाल्यानं टीडीएस कापल्याचं कळवलं, राहिलेले पैसे मात्र अजून वाटेत आहेत. बाकी, "आमचं गाणं दुसऱ्यांपेक्षा बारीक वाजतं" हे रडगाणं रोजचं. त्यांना सांगून थकलो की स्पॉटिफाय सगळ्यांचा आवाज उणे १४ लफ्सच्या (गाणं किती मोठं वाजतं त्याचं माप) आसपास आणून ठेवतं, तू पिळून पिळून मोठं केलंस तर ते परत खाली ओढणारच, आणि पिळल्यामुळे मेलेली किक तेवढी तुझ्या पदरात राहील. ऐकतं कोण!

मावशी स्थळं आणते तेव्हा माझ्या कामाचं वर्णन "कॉम्प्युटरवर गाणी दुरुस्त करतो" असं करते. खोटं नाही. मामा मात्र अजून म्हणतो, ही परदेशी टुकटुक आपल्या मातीतली नव्हे. त्याला परवा सांगितलं, १९८२ साली याच मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकानं रोलंड कंपनीची ३०३ (बेसचं) आणि ८०८ (ठेक्याचं) ही यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले आणि रेकॉर्ड काढली. इथे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जगानं तोंडात बोटं घातली, कारण अमेरिकेतल्या पोरांनी त्याच ३०३ मधून ॲसिड हाऊस नावाचं नाचाचं संगीत काढलं ते या रेकॉर्डनंतर. मजा म्हणजे ३०३ बनवली होती बेस गिटारवाल्याची जागा घ्यायला. ते तिला कधी जमलं नाही, १९८४ पर्यंत बंदही पडली. मामा म्हणाला, "मग त्या सिंगला पैसे मिळाले का?" मामाचे प्रश्न नेहमी मुद्द्याचे.

आता काम. पेनड्राइव्हमध्ये तेच गाणं आहे, नव्यानं मिक्स केलेलं. त्या पोराकडून एक पैसा घेतला नाही. मोबाइलवर ऐकू नकोस. गोडाऊनमध्ये दोन बेस लाव, शेजारी शेजारी, वायर बघून. आधी मधोमध उभा राहा, मग शटरपाशी जा. दुसऱ्या मिनिटाला शांत तुकडा संपून बेस उतरतो, तिथे कान दे : किक वेगळी कळते का, आणि खालचा सूर बाकीच्या सुरांपेक्षा जड वाटतो का? ईक्यूला, म्हणजे बेस-ट्रेबल कमी-जास्त करायच्या बटणांना, हात लावायचा नाही. तुझा हात शिवशिवतो, मला माहीत आहे.

पाकिटात रबरी बुचांच्या दोन जोड्या आहेत, त्या कानात घालायच्या आहेत. हसण्यावारी नेऊ नकोस. ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पण पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० ला पंधरा मिनिटं. तू विसर्जनाला बेसच्या डब्याला टेकून किती तास उभा असतोस ते मोज. मागच्या मे महिन्यात आलो होतो तेव्हा अण्णांचा टीव्ही मला रस्त्यावरून ऐकू आला होता. एक जोड त्यांच्यासाठी. ते घालणार नाहीत, तरी दे.

गणपतीआधी उत्तर पाठव. दोन शब्द पुरेत.

तुझा,
मंग्या

ता. क. काकूंनी पाठवलेली आमसुलं मिळाली. बरणी विनूदादाबरोबर परत पाठवतोय, रिकामी पाठवू नकोस म्हणून आई ओरडली, म्हणून आत चकल्या आहेत. प्रवासात त्याने खाल्ल्या नसतील तर.