दत्तक, पण नाळ न तोडता

अमेरिकेतील मूलनिवासी जमातींची स्वतःची न्यायालये मुलांच्या संरक्षणाची आणि दत्तकाची प्रकरणे चालवतात, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. १९७८ च्या, मूलनिवासी मुलांसाठीच्या ‘इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट’ने त्यांचा हा अधिकार पक्का केला. त्याआधी या जमातींच्या दर तीन-चार मुलांतले एक घरातून उचलले जाई आणि बहुतेक वेळा परक्यांच्या हाती दिले जाई. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी हा कायदा कायम ठेवला, ते बरे झाले.

मला मोलाची वाटते ती रूढीनुसार दत्तक देण्याची त्यांची रीत. जन्मदात्यांचे नाते कागदोपत्री न संपवताही मूल आजीच्या किंवा मावशीच्या पदरी कायमचे देता येते. कॅलिफोर्नियाने २०१० पासून आपल्या राज्य न्यायालयांतही हा मार्ग खुला केला. पैसा आणि माणसे या न्यायालयांकडेही कमीच. पण मुलाची आत्या कुठे राहते, हे शोधायला तिथे सहसा महिने लागत नाहीत.

आपल्याकडे मात्र वेळ कसा जातो, ते सांगणारी, परिवीक्षा अधिकारी (मुलाच्या घरची चौकशी करून अहवाल देणारा अधिकारी) म्हणून मी हाताळलेली दत्तकाची एक फाइल आठवते. वरचा फोटो तीन महिन्यांच्या तान्ह्या मुलीचा होता. आदेश हाती पडला, त्या दिवशी ती चालत चालत येऊन माझ्या टेबलावरचा शिक्का मागत होती.

– एक निवृत्त परिवीक्षा अधिकारी, नाशिक