बलूनची इंटर्नशिप: उन्हाळ्यात बांधणी, हिवाळ्यात उड्डाण

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला इंटर्नशिपचे श्रेयांक मिळू लागल्यापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत जागा शोधण्याची धावपळ सुरू असते. वाणिज्य शाखेच्या मुलांना पतसंस्था किंवा सनदी लेखापालाचे कार्यालय मिळून जाते. भौतिकशास्त्राच्या मुलांची मात्र पंचाईत होते आणि पुष्कळदा तीही कुठेतरी नोंदी भरून प्रमाणपत्र घेऊन येतात. त्यांच्यासाठी उच्च वातावरणात उपकरणे नेणाऱ्या वैज्ञानिक बलूनची उन्हाळी इंटर्नशिप असावी, ही कल्पना शिक्षकांच्या बोलण्यात येते. कल्पना उत्तम आहे. फक्त उन्हाळ्यातच उड्डाणही उरकण्याचा हट्ट आपल्या किनाऱ्याला मानवणारा नाही.

पावसाळ्यात जमिनीलगतचा वारा नैर्ऋत्येकडून येत असला, तरी 14 ते 16 किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा वेगवान झोत असतो आणि 20 किलोमीटरच्या वरही त्या दिवसांत वारा बहुधा पूर्वेचाच असतो. म्हणजे जूनमध्ये रत्नागिरीहून सोडलेल्या बलूनची उपकरणे अरबी समुद्रात उतरणार, आणि तीही 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत, जेव्हा ती उचलून आणायला एकही ट्रॉलर बाहेर नसतो.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र हैदराबादला आहे. तिथून बलून साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, तेही रात्री ते पहाटेच्या दरम्यान सोडले जातात, आणि उपकरणे तेलंगण, कर्नाटक व आपल्या सोलापूर-नांदेडच्या बाजूला कोरड्या जमिनीवर उतरतात. डॉ. जयंत नारळीकर ज्याचे प्रमुख होते, त्या प्रयोगाचा बलून 2005 मध्ये तिथूनच गेला. त्याने 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा आणली आणि तिच्यात जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्याचे 2009 मध्ये जाहीर झाले. अमेरिकेत नासा आणि लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी यांनी 2006 मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी उपक्रमातही उन्हाळा चाचण्यांसाठी ठेवलेला असतो. प्रत्यक्ष उड्डाण न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरहून सप्टेंबरच्या सुमारास होते.

तेव्हा माझी सूचना एवढीच की, मे-जूनमध्ये मुलांनी कोकणातच उपकरणांची पेटी बांधावी, तपासावी, बिघडवावी आणि दुरुस्त करावी, आणि हिवाळ्यात तिच्यासोबत हैदराबादला जावे. बांधणीचे काम दुय्यम आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. लहान बलूनसाठी पेटी म्हणून थर्माकोल चालतो आणि मिरकरवाडा बंदरावर मासळी भरायचे थर्माकोलचे खोके बंदीच्या काळात पडूनच असतात. खरी परीक्षा आतल्या वस्तूंची असते. आपल्या अक्षांशावर 16-17 किलोमीटर उंचीला तापमान उणे 80 अंशांच्या आसपास जाते. बर्फ कारखान्यातल्या बर्फात मीठ घालून फार तर उणे 20 पर्यंत पोहोचता येते, त्यापुढे कोरडा बर्फच, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणावा लागतो. आणि त्या थंडीत साधी बॅटरी किती मिनिटे तग धरते, हे मुलांनी घड्याळ लावून पाहण्यासारखे आहे. त्याहून वर, 30 किलोमीटरवर, हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम एक टक्का उरतो, उष्णता वाहून न्यायला पुरेशी हवाच नसते आणि उन्हात तेच सर्किट उलट तापून बंद पडू शकते. जीपीएसचे अनेक साधे संच 18 किलोमीटरच्या वर स्थान दाखवणेच थांबवतात. ही गोष्ट उड्डाणानंतर कळून उपयोगाची नाही. आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्यांवर चढणारा हिरवा गंज! तो पेटी निघण्याआधीच काम बिघडवू शकतो, म्हणून जोडण्या झाकायची सवय इथल्या मुलांना आधीपासून लागलेली बरी.

दोन अडचणी मात्र प्रामाणिकपणे सोडवाव्या लागतील. इंटर्नशिपचे श्रेयांक एकाच सत्रात नोंदवण्याची पद्धत असेल, तर मे आणि जानेवारी असे दोन तुकडे जोडून धरण्याची मुभा विद्यापीठाने द्यायला हवी. दुसरी अडचण पैशांची. हैदराबादला आठवडाभर राहणे, जाणे-येणे आणि मे महिन्यात आंब्याच्या हंगामातली मजुरी बुडणे, हे सारे ज्या घरांना परवडत नाही, त्याच घरांतली मुले आमच्या वर्गात अधिक असतात. विद्यावेतनाशिवाय हा उपक्रम काढला, तर तो चार सुस्थित घरांतल्या मुलांपुरता राहील. मग तो न काढलेलाच बरा.

मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपकेंद्राने या कामी पुढाकार घेऊन हैदराबादच्या केंद्राशी बोलणी करावीत आणि मार्गदर्शनासाठी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेलाही विचारावे. येत्या मे महिन्यात काम सुरू व्हायचे, तर हे पत्रव्यवहार दिवाळीपूर्वी व्हायला हवेत.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक, रत्नागिरी