क्रेऑन कुठं गेला?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत 'अँटिगनी' सिनेमावर जे छापून आलं ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र. सोफी देरास्प बाईंचा हा कॅनडातला सिनेमा, 2019 चा, टोरंटोच्या फेस्टिवलला बेस्ट कॅनेडियन फिचर ठरला आणि कॅनडानं ऑस्करला पण तोच पाठवला होता. तुमच्या परीक्षणकर्त्यांचं म्हणणं असं की सोफोक्लीसच्या मूळ ग्रीक नाटकात राजा क्रेऑन अँटिगनीच्या भावाचं प्रेत पुरायला बंदी करतो, ती ऐकत नाही आणि सगळा झगडा यावरच आहे, इथं तो झगडाच नाही, मग ही अँटिगनी कसली. आणि जाता जाता एक वाक्य ठेवून दिलं की ग्रीक शोकांतिका आपल्या प्रेक्षकाला झेपत नाही. त्यावर नंतर येतो.

प्रेताचं त्यांचं मला काही पटलं नाही. आईबाप मारले गेलेत, आजी चार नातवंडं घेऊन मॉन्ट्रियलला येऊन राहिलेली, त्यातला एक नातू पोलिसांच्या गोळीनं मरतो आणि दुसऱ्याला आता देशाबाहेर काढणार. मग ही शाळकरी पोरगी अँटिगनी केस कापते, त्याच्या जागी जेलात जाऊन बसते आणि त्याला बाहेर काढते. मेलेल्या भावाला माती मिळू द्यायची नाही आणि जिवंत भावाला जमीनच ठेवायची नाही, यात मला तरी जास्त फरक दिसत नाही. बाईंनी हे हवेतून आणलेलं नाही, 2008 मध्ये मॉन्ट्रियल नॉर्ड भागात पोलिसांच्या गोळीनं अठरा वर्षांचा एक पोरगा गेला होता आणि नंतर त्याच्याच भावाला देशाबाहेर पाठवायच्या हालचाली झाल्या, तिथून हे सुचलेलं. कोरस म्हणजे नाटकात मधेमधे बोलणारा घोळका, त्याच्या जागी सोशल मीडियाचा कल्ला ठेवलाय तेही बरोबर जमलं, गावातली म्हातारी मंडळी राजाला भिऊन हो ला हो करायची, आता लोक मोबाईलवर करतात. नहेमा रिची या पोरीचं काम तर विचारूच नका.

माझं भांडण वेगळंच आहे. क्रेऑन कुठं गेला?

मी महसूल खात्यात कारकुनी केली, अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो, त्यामुळं हे नाटक मी पहिल्यापासून उलट्या बाजूनं वाचतो. सोफोक्लीसनं ते इसवी सनापूर्वी 441 च्या सुमारास लिहिलं आणि त्यात मला सगळ्यात ओळखीचा वाटतो तो पहारेकरी. रात्री कोणीतरी प्रेतावर माती टाकून गेलं, आता राजाला सांगायचं कोणी, तर हे लोक चिठ्ठ्या टाकतात आणि याच्या नावाची निघते. हा बिचारा येतो आणि मुद्द्यावर यायच्या आधी रस्त्याचंच पुराण लावतो, की मी दोन पावलं चालत होतो आन् परत फिरत होतो, मन म्हणे काऊन चालला मरायला, पुन्हा म्हणे नाही गेला आन् दुसऱ्यानं सांगितलं तर अजूनच मरशील. साहेबाच्या केबिनबाहेर वाईट बातमीची फाईल धरून जो उभा राहिला त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि पोरीला पकडून आणल्यावर तो सरळ कबूल करतो की आपल्या माणसाला संकटात ढकलायचं वाईट वाटते, पण माझ्या सुटकेपुढं मला बाकी सगळं कमीच. अडीच हजार वर्षांत आमच्या जमातीचं इतकं खरं कोणी लिहिलं नाही.

सिनेमात हा माणूस नाही. पोलीस आहेत, कोर्ट आहे, जज आहे, सगळे आपापलं काम करून राहिले, पण कोणाच्या पोटात गोळा येत नाही. पोरीचा प्रियकर हेमन, जो नाटकात क्रेऑनचा पोरगा आहे, त्याचा बाप इथं राजकारणात आहे खरा, पण तो भला गृहस्थ निघतो, त्याला क्रेऑन म्हणणं जिवावर येतं. म्हणतात ना की आता राजा राहिला नाही, सिस्टीम आहे, सिस्टीमला चेहरा नसतो. असं बोलणाऱ्यांनी ऑफिस आतून पाह्यलेलं नसते. चेहरे भरपूर असतात हो, प्रत्येक शेऱ्याखाली सही असते आणि सही करणाऱ्याला रात्री घरी जाऊन जेवायचं असते.

नाटकाचा शेवट पाहा. आंधळा भविष्यवेत्ता तिरेसियस येऊन सुनावतो तेव्हा क्रेऑन वाकतो, म्हणजे हेकट असला तरी तो बदलतो, हे लोक विसरतात. कोरस त्याला चक्क क्रम सांगतो, आधी गुहेत जिवंत कोंडलेल्या पोरीला बाहेर काढ, मग प्रेताचं कर. आणि हा गडी काय करतो, तर आधी प्रेताकडं जातो, ते धुवून काढतात, जाळतात, वर मातीचा ढीग रचतात, सगळं नियमानं, आणि मग गुहेकडं. तोवर पोरीनं गळफास घेतलेला, हेमन त्याच्यासमोर तलवारीवर पडतो, घरी राणीही जीव देते. तातडीचा शिक्का चुकीच्या फाईलवर पडला, बस. ते वाचून मला घाम फुटतो, कारण अशी उलटापालट माझ्या टेबलावर कधीही होऊ शकली असती. सिनेमा पाहून राग येतो, पोरीसाठी जीव तुटतो, पण टेबलाच्या या बाजूला बसलेल्याला भीती वाटत नाही, ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांच्या घरात काहीच कोसळत नाही. अर्धी शोकांतिका क्रेऑनची होती, ती बाईंनी काढून टाकली. तुमच्या परीक्षणात यावर एक ओळ असती तर मी गप्प बसलो असतो.

आता ते न झेपण्याचं. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी दिवाळीनंतर एकदा वडसा-देसाईगंजच्या बाजूला झाडीपट्टीचं नाटक पाहायला जावं. कडाक्याच्या थंडीत शाली गुंडाळून बायामाणसं रात्रभर बसतात, रडतात, मधेच विनोदी पात्र आलं की पोट धरून हसतात आणि लगेच पुन्हा डोळे पुसतात. तो पहारेकरी तिथं वऱ्हाडीत की झाडीबोलीत उभा केला तर पब्लिक त्याला वन्समोअर देईल, आणि तोच माणूस पोरीला धरून आणतो तेव्हा मंडप चिडीचूप होईल. आपल्या नागपुरात देशपांडे सभागृहात हे कोणी करत असेल तर मी पहिल्या रांगेचं तिकीट काढतो, पैसे देऊन, पासवर नाही.

आणि एक विनंती, परीक्षण छापता तेव्हा सिनेमा कुठं पाहायला मिळते ते खाली देत जा. आम्हाला तो एका ओळखीच्यांच्या घरी प्रोजेक्टर लावून पाहावा लागला, सबटायटल अर्धे भिंतीच्या खाली चालले होते.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, नागपूर