कमळपक्ष्याच्या घरट्याचे फोटो छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी आम्ही तिघे साकोलीकडच्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर पक्ष्यांचे फोटो काढायला गेलो होतो. जेमतेम दोन तासांचा फेरफटका. तलावाचं नाव मुद्दाम देत नाही.

जलपक्ष्यांचा विणीचा रंग पाहायचा तर हेच दिवस. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गायबगळे होते, डोकं नि मान नारिंगी झालेली. धानाच्या बांधीत वंचक उभा होता. एरवी चिखलात मिसळून जाणारा हा पक्षी. आता त्याची पाठ गर्द किरमिजी दिसत होती.

पण आम्ही गेलो होतो कमळपक्ष्यासाठी. हिवाळ्यात तो फिकट, आखूड शेपटीचा असतो. पावसाळ्यात अंग काळपट चॉकलेटी, पंख पांढरेशुभ्र, मानेच्या मागे सोनेरी पट्टा आणि विळ्यासारखी वळलेली लांब शेपटी. शिंगाड्याच्या पानांवरून लांब बोटं टाकत तो चालतो, तेव्हा पान बुडत नाही. मादी एकामागून एक वेगवेगळ्या नरांना अंडी घालून देते. ती उबवायची आणि पिल्लं सांभाळायची, ते सगळं एकटा नर करतो. घरटं म्हणजे तरंगत्या पानांवर गोळा केलेली थोडीशी पाणवनस्पती, बस्स.

पाळीवरून फोटो बरे येत होते. तरी आमच्यातल्या एकाने डोंगा (लहान होडी) मागितला. तलावावरचे म्हातारे ढिवरबाबा (मासेमार) म्हणाले, "जवळ नोका जाऊ जी, तेथं अंडे हायेत." आम्ही ऐकलं नाही. मीही डोंग्यात बसलो. डोंगा जवळ जाताच नर उठला आणि पंख मोडल्यासारखा पाण्यावर फडफडत लांब जाऊ लागला, आम्ही त्याच्या मागे जावं म्हणून. डोंग्याच्या लाटेने पानं कलली. चकचकीत तपकिरी चार अंड्यांपैकी एक घसरून पाण्यात गेलं. मित्राच्या कॅमेऱ्यात तो क्षण आहे. आम्ही तो पुन्हा उघडून पाहिलेला नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना, घरट्याला त्रास देणं येतं. मला हे आधीपासून माहीत होतं, म्हणून जास्त लागतं.

आता आपल्याकडे विनंती. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याचा, चोच वासलेल्या पिल्लांचा फोटो ठळक छापून येतो, खाली तलावाचं आणि गावाचं नाव. पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागतात. डोंगेवाल्याला दोनशे-पाचशे रुपये दिले की तो नाही कसा म्हणेल? शिंगाड्याचा हंगाम यायला त्याला अजून अवकाश असतो. तेव्हा घरट्याचा, अंड्यांचा फोटो आपण स्वीकारूच नये, आणि विणीच्या काळातल्या पक्ष्याच्या फोटोखाली ठिकाण म्हणून फक्त जिल्हा द्यावा. फोटो किती अंतरावरून काढला, हेही पाठवणाऱ्याला विचारता येईल.

सोबत माझा एक फोटो जोडला आहे, डोंग्यात बसण्याआधी पाळीवरून काढलेला. पक्षी लहान दिसतो, शेपटी मात्र पूर्ण आली आहे. छापलात तर खाली 'भंडारा जिल्हा' एवढंच लिहावं.

आपला,
एक नियमित वाचक, भंडारा