शाळेपर्यंतचे दोन किलोमीटर

संपादक महोदय,

पुण्याच्या वाहतुकीची चर्चा निघाली की उड्डाणपूल, मेट्रो आणि खड्डे यांवर भरभरून बोललं जातं. दोन किलोमीटरच्या फेऱ्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मुलाला शाळेत सोडणं, किराणा, क्लास, इतकंच काय, सकाळी तळजाई टेकडीवर चालायला जाण्यासाठी पायथ्यापर्यंत काढलेली गाडी. गाडीला, हवेला आणि शरीराला सगळ्यात महाग पडतात त्या याच फेऱ्या.

थंड इंजिनाच्या भिंतींवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला गाडी जास्त पेट्रोल ओढते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. तो तापेपर्यंत न जळलेलं इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड तसंच बाहेर पडतं, तेही नेमकं शाळेच्या फाटकाजवळ, मुलांच्या नाकाच्या उंचीवर. पीयूसी तपासणी गरम इंजिनावर होते, त्यामुळे प्रमाणपत्रात यातलं काही दिसत नाही. ज्वलनातून तयार झालेलं पाणी छोट्या फेरीत उडून जात नाही. ते सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून गंजतो. थंडी-पावसाळ्यात ऑईलचं झाकण उघडून पाहा, खाली पांढरट, सायीसारखा थर दिसला तर गाडी पुरेशी तापतच नाही असं बहुतेकदा समजावं. स्टार्टरने खेचलेली बॅटरीही पाच-सात मिनिटांत पुरती भरत नाही.

आता हिशेब. शाळा दोन किलोमीटरवर असेल तर सोडून परत आणि आणून परत, म्हणजे गाडी दिवसाला आठ किलोमीटर धावते. थंड इंजिन आणि गर्दी धरून लिटरला दहा किलोमीटर मिळाले, तर शाळेच्या दोनशे दिवसांत १६० लिटर पेट्रोल जळतं. एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका मुलाच्या शाळेपायी वर्षाला जवळजवळ ३७० किलो. विजेच्या गाडीने धूर जाईल, पण टायरची झीज, रस्त्यावर अडणारी जागा आणि आत बसून राहणारं शरीर तसंच राहतं.

त्या शरीराकडे तर फारच दुर्लक्ष होतंय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपल्याकडे वजन फारसं न वाढताही साखर वाढते. म्हणून काट्याबरोबर टेपही वापरावी: कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरची पंधरा मिनिटंसुद्धा उपयोगी पडतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते. दोन किलोमीटर चालायला पंचवीस मिनिटं लागतात. रोज दोनदा, पाच दिवस चाललं तर २५० मिनिटं होतात आणि वेगळा वेळ काढावा लागत नाही. वेग असा ठेवावा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

सोसायटीतल्या आठ-दहा मुलांना दोन पालकांनी पाळीपाळीने चालत नेलं तर एकाच घरावर भार पडत नाही. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, नाहीतर दोन दिवसांत मूल कंटाळेल. सायकल काढायची तर आधी सीट पाहा: टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली आणलं की पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली ठेवल्याने गुडघे दुखतात आणि दोष सायकलला दिला जातो.

पण पायी निघायला पदपथ तर हवा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेप्रमाणे चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्यक्षात विजेचे डीपी बॉक्स आणि दुचाक्या सोडून जे उरतं त्यातून दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. प्रत्येक इमारतीच्या गेटपाशी पदपथ उतरतो आणि पुन्हा चढतो. गुडघेदुखीचा माणूस ही चढउतार टाळून रस्त्यावरून चालतो. खरं तर पदपथ सलग ठेवून गाडीने चढायला हवं. केबलसाठी खोदलेला चर थराथराने धुम्मस न करता, म्हणजे माती ठोकून घट्ट न करता, बुजवला जातो, पहिल्या पावसात तो बसतो आणि वरचे ब्लॉक डुगडुगू लागतात.

महापालिकेने सगळं शहर एकदम हातात घेऊ नये. प्रत्येक शाळेभोवतीचे ५०० मीटर रस्ते आधी घ्यावेत, आणि हे काम एप्रिल-मेमध्येच उरकावं. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा चर भरायला फार उशीर झालेला असतो.

एक वाचक, पुणे