‘असा राजा आपल्याकडे पण पाहिजे’ म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत भूतानच्या ट्रिपवरचा लेख वाचला. फोटो फारच छान आहेत, पण लेखात राजा प्रेमळ, लोक हसतमुख, थिंपूत ट्रॅफिक सिग्नल नाही एवढंच आलंय आणि तिथला कारभार कसा चालतो त्यावर एक ओळपण नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही गेल्या एप्रिलमध्ये जाऊन आलो. सीमेवरच्या आपल्याकडच्या जयगावची गर्दी आणि हॉर्न मागे टाकून गेटमधून भूतानच्या फुंटशोलिंगला गेलं की एकदम शांत वाटतं, गाड्या झेब्राला थांबतात, हे खरंच आहे. तेव्हापासून ग्रुपमध्ये सुरू झालं, बघा राजा आहे म्हणून शिस्त, आपल्याकडे पण असा एक पाहिजे होता. पुनाखाच्या झोंगमध्ये तर अगदी सगळेच माना डोलवत होते. फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावरचा हा किल्ला शब्दरुंग न्गवांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये बांधला. तिबेटातून आलेल्या या लामांनी दऱ्यादऱ्यांत विखुरलेला मुलूख एक केला, धर्माला एक प्रमुख आणि राज्यकारभाराला दुसरा अशी व्यवस्था लावली, आणि ते गेल्यावर त्यांचं निधन पन्नासेक वर्षं लपवून ठेवलं होतं. म्हणजे राजा ही तिथली फार जुनी गोष्ट नाहीच. पहिला राजा उग्येन वांगचुक १७ डिसेंबर १९०७ ला झाला, याच पुनाखात.

देश केवढा, तर आपल्या महाराष्ट्रात असे आठ मावतील आणि लोकसंख्या आठ लाखाच्या आत. पण मुंबई-पुण्याहून थोड्याच जास्त अंतरात दक्षिणेच्या गरम जंगलातून उत्तरेला सात हजार मीटरच्या वरच्या शिखरांपर्यंत चढ आहे. गांगखार पुनसुम ७,५७० मीटर, त्यावर अजून कोणी चढलेलं नाही आणि आता चढायला बंदीच आहे. नद्या उतारानं धावत येतात, त्यावर चुखा, ताला असे वीजप्रकल्प भारताच्या मदतीनं झाले, वीज आपण विकत घेतो, त्यांच्या सरकारचा मोठा पैसा तिथून येतो. दक्षिणेचा सपाट सुपीक दुआरचा पट्टा मात्र १८६५ च्या तहात इंग्रजांनी काढून घेतला, त्यामुळे आज बंगालमधून आसामला जाताना आपण जे चहाचे मळे बघतो त्यातले बरेचसे एकेकाळी भूतानच्या मुलखात होते.

आता मुद्द्याचं. ज्या राजाचं आपण एवढं कौतुक करतो त्या चौथ्या राजानंच, जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी, स्वतःची सत्ता कमी केली. १९९८ मध्ये रोजचा कारभार मंत्रिमंडळाकडे दिला, २००५ मध्ये संविधानाचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि २००६ मध्ये गादी सोडली. लोकांना हे नको होतं हो! २००७ मध्ये सरावासाठी खोट्या पक्षांची निवडणूक घेतली, निळा, हिरवा, लाल, पिवळा, तर बहुतेक सगळ्या जागा पिवळ्याला मिळाल्या कारण पिवळा राजाचा रंग. तरी तो मागे हटला नाही. २००८ ला संविधान लागू झालं, त्यात राजानं ६५ व्या वर्षी निवृत्त व्हायचं असं लिहिलंय, आणि संसदेनं तीन चतुर्थांश मतांनी ठराव केला आणि जनमतात तो पास झाला तर राजाला आधीही पायउतार व्हावं लागेल. ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली ठेवायची हेही संविधानातच आहे, राजाच्या मर्जीवर नाही. खालच्या सभागृहात ४७ जागा. पहिल्या फेरीत सगळे पक्ष, दुसऱ्या फेरीत फक्त पहिले दोन. वरच्या सभागृहात २५ जण, त्यातले २० निवडून आलेले आणि पाच राजानं नेमलेले, आणि तिथं पक्ष नाहीतच. २०१३, २०१८, २०२४, प्रत्येक वेळी लोकांनी सत्तेतला पक्ष बदललाय.

आणि हे सगळं व्हायच्या आधी काय झालं तेही सांगायला पाहिजे. दक्षिणेत पिढ्यान्पिढ्या शेती करणारे नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा. १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानं त्यांच्याकडे १९५८ चे पुरावे मागितले, नंतर ड्रेसची आणि रीतिरिवाजाची सक्ती झाली, विरोध केला तर अटक, आणि नव्वदच्या दशकात लाखाच्या आसपास माणसं देशाबाहेर पडली. एवढ्याशा देशातली लाखभर! पूर्व नेपाळच्या छावण्यांत त्यांची पंधरावीस वर्षं गेली, मग बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी घेतलं, भूताननं नाही. हे त्याच चौथ्या राजाच्या काळात झालं. तेव्हा पक्षांना बंदी होती, लिहिलेलं संविधान नव्हतं, आणि खासगी पेपर तर थेट २००६ ला निघाले. मग त्या लोकांची बाजू देशात मांडणार तरी कोण होतं?

माझा भूतानवर राग नाहीये, मला तो देश खूप आवडला आणि परत जायचंय. पण पुनाखाच्या त्या अंगणात मला एवढं धड बोलता आलं नाही, ग्रुपमधले सगळे वयानं मोठे होते, म्हणून इथं लिहिलं. पुढच्या वेळी शेजारच्या देशावर लेख छापाल तेव्हा हॉटेल आणि परमिटच्या चौकटीशेजारी त्या देशाच्या कारभाराचीही एक चौकट टाका, ही विनंती.

आपली नियमित वाचक,
मिरज