मलेरियाच्या प्रथिनांचे घोडे कुठे पेंड खाते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागला की मुंबईत मलेरियाच्या रुग्णांचे आकडे वर्तमानपत्रांत येऊ लागतात आणि पालिकेची माणसे गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे तपासत फिरतात. अलीकडे त्या जोडीला एक प्रश्न वारंवार कानावर येतो: प्रथिनाची त्रिमितीय रचना आता संगणकच सांगतो, मग या परजीवीची प्रथिने प्रयोगशाळेत करत बसायचे कशाला? २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल प्रथिनांच्या संगणकीय कामाला मिळाल्यापासून तर तो अधिकच जोरात विचारला जातो. प्रश्न गैर नाही. पण त्यावरून पैशांचे निर्णय होणार असतील तर अडचण नेमकी कुठे आहे ते वाचकांना कळायला हवे, म्हणून हे पत्र.

प्रथिनाची रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने हे काम खूपच सोपे केले आहे, यात शंका नाही. प्रथिनाचा कोणता भाग घट्ट घडीचा आहे आणि तो कुठे कापावा, याचा अंदाज आता बसल्या जागी येतो. मात्र फाल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत घातक परजीवीच्या प्रथिनांत मध्येच एकाच अमिनो आम्लाच्या, म्हणजे अ‍ॅस्परॅजिनच्या लांबलचक माळा येतात. तिथे संगणक नुसती सैल दोरी काढतो आणि तिथला विश्वासांक स्वतःच शंभरपैकी पन्नासच्या खाली दाखवतो. शिवाय औषध शोधणाऱ्याचे काम प्रथिनाच्या ढोबळ आकारावर भागत नाही. परजीवीच्या डीएचएफआर या विकराचेच (एन्झाइमचेच) पाहा. पायरिमेथामिन हे औषध त्याच्या खाचेत बसते. परजीवीने १०८ व्या जागी सेरीनऐवजी अ‍ॅस्परॅजिन आणले आणि औषधाची पकड सुटू लागली. का सुटली, हे थायलंडच्या संशोधकांनी २००३ मध्ये त्या प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून दाखवले: औषधाचे क्लोरीन असलेले ताठ कडे त्या नव्या अ‍ॅस्परॅजिनच्या बाजूच्या साखळीला जाऊन धडकते. मग त्या जागी लवचीक साखळी असलेला रेणू बांधता आला. पी२१८ या नावाने तो पुढे माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचला. हे सारे एखाद्या अँगस्ट्रॉमच्या (मिलिमीटरच्या कोट्यंशाच्या) फरकाचे प्रकरण आहे. तो फरक खात्रीने सांगायला खरे प्रथिन आणि त्यात बसलेले खरे औषध समोर लागते.

आणि खरे प्रथिन मिळवतानाच सगळे अडते. बातम्यांत छायाचित्र येते ते मोठ्या सूक्ष्मदर्शकाचे किंवा सिंक्रोट्रॉन या तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्राचे. प्रत्यक्षात बहुतेक प्रथिने त्या यंत्राचे तोंडही पाहत नाहीत. २००६ मध्ये एका अमेरिकी गटाने फाल्सिपेरमची १००० जनुके ई. कोलाय जिवाणूत घालून पाहिली. प्रथिन तयार झाले ३३७ जनुकांचे, आणि पाण्यात विरघळलेले हाती आले फक्त ६३ चे. या जीवाच्या जनुकसंचात डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी ही सुमारे ८० टक्के आहेत, म्हणून सगळा दोष त्यांच्या माथी मारायची पद्धत आहे. या गटाला मात्र त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. नडत होते ते प्रथिनाचा मोठा आकार, जास्त अल्कधर्मी स्वभाव, सैल भागांचे प्रमाण आणि जिवाणूच्या कोणत्याही प्रथिनाशी नसलेले साम्य. म्हणजे जिवाणूला रुचतील अशा कोडॉनांत (डीएनएच्या तीन-अक्षरी शब्दांत) जनुक नव्याने लिहून मागवले, तरी निम्मे काम झाले असे समजू नये. आम्ही तसे जनुक मागवतोच, पण त्यासोबत एकाच प्रथिनाचे दहा-बारा तुकडे करतो. कुठे सुरुवात पाच अमिनो आम्ले अलीकडे, कुठे शेवट दहा पलीकडे. यांतला एखादाच तुकडा विरघळतो. त्याच्या शेजारचा का विरघळत नाही, हे बहुधा कुणालाच सांगता येत नाही.

नव्याने हे काम सुरू करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून थोडे तपशिलात लिहितो. एक लिटर कल्चर ३७ अंशांवर वाढवायचे, ओडी (जिवाणूंच्या दाटीचे माप) ०.६ ते ०.८ झाली की १६ ते १८ अंशांवर आणायचे, मग ०.१ ते ०.२ मिलिमोलर आयपीटीजी (प्रथिन बनवणे सुरू करणारे रसायन) घालून रात्रभर फिरत ठेवायचे. सर्वाधिक नुकसान होते ते इथल्या घाईने. शेकरचा आकडा १८ दाखवतो तेव्हा फ्लास्कमधले द्रव अजून कोमटच असते. एक लिटर थंड व्हायला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. त्याआधी आयपीटीजी पडले की प्रथिन भराभर बनते, नीट घडी पडायला वेळ मिळत नाही आणि पेशीतच त्याच्या गुठळ्या होतात. दुसऱ्या दिवशी जेलवर पट्टी ठळक दिसते, पण ती सगळी पेलेटमध्ये (तळाच्या गाळात), सुपरनेटंट (वरचे द्रव) कोरे.

याहून फसवा प्रकार एमबीपीचा. हे मोठे, विद्राव्य प्रथिन जोडीला लावले की मलेरियाचे प्रथिनही विरघळल्यासारखे वाटते. टीईव्ही या कापणाऱ्या विकराने जोड कापला की तासाभरात नळी दुधाळ होते. म्हणून कापण्याआधीच साइझ-एक्सक्लूजन कॉलममधून (आकारानुसार प्रथिने वेगळी करणाऱ्या नळीतून) काढून पाहावे. सगळे अगदी सुरुवातीच्या व्हॉइड भागात बाहेर आले, तर ती विरघळलेली गुठळीच समजावी. तिला पुढे नेऊन स्फटिकांच्या ताटल्या भरू नयेत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

परजीवीच्या पृष्ठभागावरची प्रथिने आणखी त्रासदायक. त्यांच्यात सिस्टीनच्या जोड्या पुष्कळ. त्या चुकीच्या जुळल्या की घडी बिघडते, म्हणून शफलसारखे जिवाणू किंवा कीटकांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या पेशी वापराव्या लागतात. तिथे वेगळाच पेच पडतो: या पेशी प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चिकटवतात, परजीवी स्वतः जवळजवळ चिकटवत नाही. मग साखर बसते ती ठिकाणे शोधून तिथले सेरीन किंवा थ्रिओनीन आधीच बदलून ठेवावे लागते.

एवढे करूनही फाल्सिपेरमने दाद दिली नाही, तर व्हायवॅक्स किंवा नोलेसी या भावकीतल्या जातींचे तेच प्रथिन घ्यावे. व्हायवॅक्सच्या जनुकसंचात जी आणि सी ४२ टक्क्यांच्या घरात आहेत. दिल्लीच्या आयसीजीईबी या जैवतंत्रज्ञान केंद्रातील चमूने तांबड्या पेशीला पकडणाऱ्या डफी-बंधक भागाची रचना २००६ मध्ये दिली, ती नोलेसीच्या प्रथिनावरूनच.

पेशीपटलातली प्रथिने हा तर स्वतंत्रच विषय. क्लोरोक्विनला दाद न देण्यामागचे पीएफसीआरटी हे प्रथिन जेमतेम ४९ किलोडाल्टनचे, म्हणजे क्रायो-ईएमसाठी (गोठवलेल्या प्रथिनाची चित्रे घेणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) फारच लहान. त्याला प्रतिपिंडाचा तुकडा बांधून मोठे केले, तेव्हा २०१९ मध्ये ३.२ अँगस्ट्रॉमची प्रतिमा मिळाली. इथे प्रथिन डिटर्जंटमध्ये काढल्यावर ते घट्ट करताना नेहमी एक चूक होते. बारीक छिद्रांचा फिल्टर घेतला की प्रथिनाबरोबर डिटर्जंटच्या रिकाम्या गोळ्याही साठत जातात आणि ग्रिडवर (नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर) नुसता फेसाळ पसारा दिसतो. १०० किलोडाल्टनचा फिल्टर घ्यावा, आणि प्रथिन त्यातून निसटते का, हे खालच्या द्रवात तपासत राहावे.

आता मुंबईच्या हवेबद्दल, कारण परदेशी कार्यपद्धतीच्या कागदांत ती नसते. स्फटिकाचा थेंब जेमतेम एक-दोन मायक्रोलिटरचा, काचेच्या चकतीला उलटा लटकलेला. रात्री वीज जाऊन वातानुकूलन थांबले आणि पहाटे पुन्हा सुरू झाले की चकतीवर दव धरते, थेंब पातळ होतो आणि धरू लागलेला स्फटिक विरघळून जातो. जुलैमध्ये द्रव नायट्रोजनचे भांडे उघडे ठेवले की दोन-तीन मिनिटांत कडेला पांढरा भुगा जमतो. तोच भुगा स्फटिकावर किंवा ग्रिडवर बसतो आणि इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर किंवा बंगळुरूच्या क्रायो-ईएमवर मोठ्या मुश्किलीने मिळालेली पाळी बर्फाची चित्रे काढण्यात जाते. यावरचा उपाय साधा आहे: बंद खोली, चांगला डीह्युमिडिफायर, भांड्यावर फोमचे झाकण, आणि स्फटिकांच्या कपाटाला स्वतंत्र यूपीएस. कोट्यवधींच्या यंत्राच्या प्रस्तावात नेमकी हीच ओळ खोडली जाते, याचे फार वाईट वाटते.

व्हायवॅक्सचा मुद्दा तर मुंबईच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, कारण इथे त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात. फाल्सिपेरम १९७६ पासून प्रयोगशाळेत सलग वाढवता येतो. त्यामुळेच तांबड्या पेशीत प्रथिने पाठवणारे पीटेक्स हे यंत्र २०१८ मध्ये थेट परजीवीतून काढून पाहता आले. पीएफएटीपी४ हा सोडियमचा पंपही २०२५ मध्ये तसाच पाहिला, तेव्हा त्याला चिकटलेले एक अनोळखी प्रथिन सापडले. जिवाणूत केलेल्या प्रथिनातून ते कधीच कळले नसते. व्हायवॅक्स असा सलग वाढत नाही. त्याला कोवळ्या तांबड्या पेशी लागतात. म्हणजे त्याची प्रथिने वर सांगितलेल्या लांबच्या वाटेनेच मिळवावी लागणार.

म्हणून आमच्या तीन मागण्या. पहिली, तीन वर्षांच्या प्रकल्पात पहिले वर्ष-दीड वर्ष फक्त विद्राव्य प्रथिन मिळवण्यासाठी धरावे आणि त्या काळात रचना का आली नाही, असे विचारू नये. दुसरी, प्रथिन शुद्ध करणाऱ्या तंत्रज्ञांना कायम पदे द्यावीत. ११ महिन्यांच्या करारावरचा हात तयार होतो तोवर करार संपतो, आणि कोणत्या प्रथिनाला किती मीठ मानवते हे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. तिसरी मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुलाबा, पवई, ट्रॉम्बे आणि खारघर इथल्या संस्थांनी मिळून फसलेल्या तुकड्यांची एक खुली नोंदवही ठेवावी. कोणते जनुक, कुठून कुठपर्यंत, कोणता जिवाणू, किती तापमान, आणि प्रथिन पेलेटमध्ये गेले, व्हॉइडमध्ये आले की कापल्यावर बसले, एवढेच लिहायचे. वर उल्लेखलेल्या १००० जनुकांच्या कामातली ९३७ अपयशे छापली गेली, म्हणून आज त्यांचा उपयोग होतो. आपल्याकडे तोच तुकडा दोन संस्था वेगवेगळ्या वेळी करून पाहतात, दोन्हीकडे तो तळाशी बसतो, आणि एकीचे दुसरीला कळत नाही. या वहीला नवे यंत्र लागत नाही, इमारतही लागत नाही. ती येत्या पावसाळ्याच्या आत सुरू करता येईल.

आपले,
प्रथिनरचनेच्या कामातील काही संशोधक आणि तंत्रज्ञ, मुंबई